चौसष्टचे एकवीस

"चहा आधी दे, मंग तुहा कागद वाच."

हे बापूसाहेब बोलले. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. चौदा शाळांचे मालकच म्हणा, संस्था वगैरे फक्त पाटीवर. हॉलमध्ये सात माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि मी उभी होते. माझ्या डाव्या हातात नऊ पानांचं अंदाजपत्रक होतं. उजवा हात रिकामा होता, तेवढाच त्यांना दिसला. शिपाई दाराशीच उभा होता, थर्मासही त्याच्याच हातात होता. त्यानं तो माझ्याकडे दिला आणि खाली बघितलं.

मी चहा दिला. सातही कप भरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला मी फार शूर वाटायला नको.

मी त्या संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. शिक्षण एमसीए, नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा करार. सहा वर्षं असंच चाललं होतं. घर वडनेर भोलजीला. दीड एकरात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई बाजारात पाल टाकून बसते. आम्ही माळी. शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून विचारायचे, "आज काय भाव वं वांगे?" वर्ग हसायचा. मास्तर वाईट नव्हते, असं सगळे अजून म्हणतात. मी म्हणत नाही.

सहा वर्षांत मी काय केलं? परीक्षेचे पेपर छापले. बापूसाहेबांच्या वाढदिवसाचे फलक बनवले. त्यांच्या सुनेच्या मोबाइलमधले फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दिले. आणि एक दिवस त्यांनी बोलावून सांगितलं, "चौदाही शाळेचे जुने रजिस्टर कॉम्प्युटरमंधी टाकाचे हायेत. एकच मोठा सर्व्हर बसवाचा. किती दिवस लागतीन, किती खर्च येईन, लिहून आण."

खरं सांगते, मला हरखल्यासारखं झालं. पहिल्यांदा कुणीतरी मला माझं काम सांगितलं होतं.

रजिस्टर म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. शाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, जात. पुढं आयुष्यभर ती ओळ माणसाच्या मागं असते. दाखला हवा, ती ओळ. पोरांच्या जातीची पडताळणी, तिथंही बापाची, आजाची तीच ओळ. घर पडलं तर पुन्हा बांधता येतं. ही ओळ गेली तर गरीब माणसानं काय दाखवायचं?

मी अठरा दिवस त्या अंदाजावर घालवले. एसटीनं शाळा पालथ्या घातल्या. लाईट किती जाते, वायरिंग कुठं जळलंय, अर्थिंग आहे की नुसतीच वायर मातीत खुपसलीय, सगळं पाहिलं. संग्रामपूरकडच्या एका शाळेत एकच रजिस्टर घेऊन तीन दिवस बसले. एक ओळ वाचायला किती वेळ, टाइप करायला किती, तपासायला किती, घड्याळ लावून मोजलं. आणि तिथंच मला कळलं की खरं काम मशीनमध्ये नाही.

मशीन बसवून त्यात डेटाबेस टाकणं, तीन दिवस. वायरिंग, बॅटऱ्या, अर्थिंग, सहा दिवस. टायपिंगला सतरा, तेही दहा जण बसले तर. आणि नावं ओळखायला अडतीस. एकूण चौसष्ट.

अडतीस कशाला? आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. शेगाव जवळ. घरोघरी एक गजानन. आडनावं पाच-दहाच, तीही सगळ्या जातींत फिरलेली. त्यात जुन्या काळी कोणत्या आईला पोराची तारीख ठाऊक? मास्तर विचारायचे, आई म्हणायची, "तूर सोंगली तवा झाला." मास्तर लिहायचे, एक जून. सगळ्या वर्गाचा जन्म एक जूनचा. म्हणजे नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, तारीख तीच, आणि माणसं मात्र वेगळी. याच्या उलटही होतं. आईबाप पोराला घेऊन कामाला परमुलखात गेले की शाळा नाव कमी करायची, परत आले की पुन्हा दाखल. म्हणजे एकाच पोराच्या दोन-तीन ओळी. आता कोणती जोडी एकाच माणसाची आणि कोणती दोन माणसांची, हे कॉम्प्युटर कसं सांगणार? गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, तेव्हा उलगडतं. म्हणून अडतीस दिवस. एकही फुगवलेला नव्हता.

तर चहा देऊन झाला आणि मी वाचायला लागले.

दुसऱ्या पानावर अर्थिंग होतं. खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. बापूसाहेबांच्या शेजारी त्यांचा भाचा बसला होता, पुण्याहून आलेला. त्याची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी. तो म्हणाला, "मीठ आणि कोळसा? सॉरी, हे नक्की सर्व्हरचंच एस्टिमेट आहे ना?"

बापूसाहेब हसले. "सर्व्हर बसवून राह्यली का भाजी करून राह्यली वं?"

सातही जण हसले. त्यांत एका शाळेचे मुख्याध्यापक होते, विज्ञान शिकवायचे. अर्थिंगला मीठ-कोळसा घालतात हे त्या माणसानं पोरांना फळ्यावर काढून शिकवलेलं. तोही हसला. माझे कान तापले. मी म्हणाले, "साहेब, जमिनीत ओल राहाले पाह्यजे, म्हणून टाकतेत." भाचा शेजारच्याला हळूच म्हणाला, "राहाले पाह्यजे." मला ऐकू जाईल एवढं हळू.

मग अडतीस दिवस आले. मी गजाननांचं सगळं समजावून सांगितलं.

भाचा म्हणाला, "हे आमचं सॉफ्टवेअर एका रात्रीत करतं. डुप्लिकेट काढायचं बटण असतं."

"साहेब, ते डुप्लिकेट नाहीत. माणसं हायेत."

"मामा, ही फार इमोशनल आहे."

बापूसाहेबांनी हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं, शेवटच्या पानावरची रक्कम खोडली आणि अर्धी लिहिली. चौसष्ट खोडून बत्तीस लिहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांची पुण्यतिथी एकवीस दिवसांवर होती, उद्घाटनाला पाहुणा ठरला होता. त्यांनी बत्तीसही खोडले.

"ते अडतीस दिवस काढून टाकले तं माणसं मिसळतीन, बापूसाहेब."

"मिसळले तं मिसळले. दाखलाच देवाचा हाये, सोयरीक थोडीच जुळवाची हाये?" पुन्हा हशा. मग आवाज बदलला. "हे घे पेन. लिही एकवीस. तुह्या हातानं लिही, नाही तं मंग उद्या म्हणशीन का मले सांगतलं नाही."

मी उभ्यानं, भिंतीला कागद टेकवून लिहिलं. "सदर काम एकवीस दिवसांत पूर्ण होईल." खाली माझी सही. करार संपायला दीड महिना उरला होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पेन परत देताना माझी बोटं हिरवी झाली होती. पेन गळकं होतं.

बाहेर आले तर बडे बाबू भेटले. आमचे हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले. कागद पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "खरा आकडा लिहिला का तुनं? अवं, अठी डबल लिहाचं असते. शाळेचा रंग, पत्रे, खडू, काहीबी असो. ते अर्धं करतेत, मंग बरोबर होते. सहा वर्षं झाले तुले, इतकं नाही समजलं?"

नाही समजलं. आमच्या घरात तोललेलं तेवढंच सांगायची सवय. तिथं खोट्यालाच हिशेबाची रीत म्हणत होते, आणि ती पाळली नाही म्हणून मूर्ख मीच ठरले.

पण आणखी एक गोष्ट पुढच्या आठवड्यात समजली. काम भाच्याच्या कंपनीला गेलं. तिचं अंदाजपत्रक नोंदीसाठी माझ्याच टेबलावर आलं. मी वाचत गेले आणि हसावं की रडावं कळेना. माझीच नऊ पानं होती, इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, वर रंगीत चिन्ह. शाळांचा क्रमही माझाच. एका शाळेची खोली मी चुकून लहान लिहिली होती, ती चूकसुद्धा तशीच उतरली होती. मीठ-कोळसा मात्र गेला होता. त्या जागी 'केमिकल अर्थिंग'. रक्कम माझ्या मूळ आकड्याच्या तिप्पट. त्यावर हिरवं पेन फिरलं नाही, कुणी हसलंही नाही. नावं ओळखायचं कलम तेवढं नव्हतं. दिवस एकवीस, आणि सोबत जोडपत्र म्हणून माझ्या सहीच्या पानाची झेरॉक्स. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. मी आंधळीही नव्हते. मी बघत बघत दळलं.

पुढचं काय सांगायचं. पी हळद अन् हो गोरी. कंपनीची माणसं आली, शाळांची रजिस्टरं ऑफिसात आणवली, टाइप केलं, बटण दाबलं. भाच्यानं मिटिंगमध्ये सांगितलं, चार हजारांवर डुप्लिकेट निघाले, डेटा स्वच्छ झाला. टाळ्या झाल्या. उद्घाटनाला सर्व्हरला हार घातला. मी मागं एक्स्टेन्शन बोर्ड धरून उभी होते, कारण त्या कोपऱ्यातला प्लग ढिला होता. मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही. माझी मलाच लाज वाटते ती त्या दिवसाची, चहाच्या दिवसाची नाही.

सहा महिन्यांनी, माझा नवा करार चालू असताना, एक माणूस ऑफिसात आला. पन्नाशी उलटलेला, गवंडीकाम करणारा, हाताला सिमेंटच्या भेगा. संग्रामपूरकडचा, त्याच शाळेतला जिथं मी तीन दिवस बसले होते. नाव गजानन तुकाराम वानखडे. पोरीला नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीला बापाच्या शाळेचा उतारा हवा होता. त्यानं तो शाळेतून काढला, तर जातीच्या रकान्यात कुणबी.

"ताई, आमी महार. आता बौद्ध. हे कुणबी कुठून आलं? समितीवाले म्हणतीन, खोटी जात सांगून राह्यला. पोरीचं वर्ष जाईन."

मी कॉम्प्युटर उघडला. त्या गावात त्या नावाचा एकच माणूस उरला होता. मला आठवत होतं, रजिस्टरात तीन होते. एक कुणबी, एक माळी, एक महार. तिघंही एक जूनचे, एकाच वर्षीचे. बटणानं जातीचा रकाना पाहिलाच नव्हता; पहिला ठेवला होता आणि दोन पुसले होते.

मी बडे बाबूंना म्हणाले, मूळ रजिस्टर काढा, उतारा दुरुस्त करून द्या. ते म्हणाले, कपाटाची चावी बापूसाहेबांकडं. रजिस्टर उघडायचं नाही, असा आदेश आहे. एक उघडलं की सगळे मागतील.

बापूसाहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. समोर टाइप केलेला कागद ठेवला. 'माझ्या नजरचुकीने सदर नोंद चुकीची भरली गेली. सदर कामाचा कालावधीही मीच निश्चित केला होता.' खाली माझं नाव. जोडीला त्या हिरव्या शाईच्या पानाची झेरॉक्स.

"सही कर. त्या माणसाचं काम आजच होऊन जाते. एक चूक, एक दुरुस्ती. तुह्या कराराचंबी पाह्यतो मी."

"अन् बाकीचे चार हजार?"

"कोण आलं बाकीचं? आलं तं पाहू."

म्हणजे जो रडत येईल त्याच्यापुरती चूक माझी. दर वेळी नवा कागद, दर वेळी माझी सही. वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं तर घरचंच. मला त्या क्षणी राग आला नाही. भीती वाटली. कारण सही केली असती तर बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं काम खरंच होणार होतं.

मी म्हणाले, एक मिनिट. बाहेर गेले आणि त्या माणसाला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. एकवीस दिवसांचंही सांगितलं, ते मीच लिहिलं हेही.

तो म्हणाला, "ताई, रागावू नका. करून टाका सही. माह्या पोरीचं होऊ द्या. बाकीच्याचं बाकीचे पाह्यतीन."

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मी एवढंच बोलले, "तुमच्या नावाचे तिघं होते. माळ्याची ओळही गेली."

त्यानं मान वर केली. "तो? वेशीजवळचा? अहो, आमी एका वर्गात होतो. मास्तर हजेरी घेत तं म्हणत, गजानन एक, गजानन दोन, गजानन तीन. मी तीन नंबर." थोडं थांबून, "त्याचं पोरगं पोलीस भरतीची तयारी करून राह्यलं."

"त्यालेबी हाच उतारा भेटन."

तो उठला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोरीच्या वर्षाचा हिशेब करत असेल. मग वळून म्हणाला, "लिहा मंग, जे खरं हाये ते. पण त्याचा कागद मले पाह्यजे. शिक्का मारून. तोंडी नाही चालत माह्यासारख्याले."

मी आत गेले. त्यांचा कागद पालटला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. या वेळी पेन माझं होतं.

'या कामाला चौसष्ट दिवस लागतील असं मी लेखी सांगितलं होतं. त्यातले अडतीस सारख्या नावांची माणसं ओळखण्यासाठी होते. ते अध्यक्षांनी काढले. एकवीस हा आकडा माझ्याकडून लिहवून घेतला, आणि नोकरी जाईल या भीतीनं मी तो लिहिला. तो खोटा आहे हे लिहितानाही मला माहीत होतं. चूक एका नोंदीची नाही. चार हजारांवर नोंदी तपासाव्या लागतील. मूळ रजिस्टर उघडावीत.' सही, तारीख.

बापूसाहेबांनी वाचलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुही लायकी काय, तू बोलून काय राह्यली? भाजीवाल्याची पोट्टी. खुर्ची देली तं डोक्यावर बसाले लागली."

"हो. भाजीवाल्याची. तुमचा सर्व्हर कितीत अन् किती दिवसात बसते, हे या पंचक्रोशीत पहिल्यांदा मीच काढलं. तुमच्या भाच्यानं ते चोरलं. सही मी करणार नाही."

कागद उचलून मी बाहेर बडे बाबूंच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, आवक करून घ्या. आवक रजिस्टरात नंबर पडला की कागद नाकारता येत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ते माझ्याकडं पाहत राहिले. आतल्या दाराकडं पाहिलं. निवृत्तीला चार महिने होते त्यांच्या. मग शिक्का उचलला, शाईवर दाबला, मारला. नंबर घातला. त्या कागदाची झेरॉक्स काढून तिच्यावरही मारला. ती झेरॉक्स मी गजानन वानखडेंच्या हातात दिली. त्यांनी घडी घालून आतल्या खिशात ठेवली. पाया पडायला वाकत होते, मी ओरडलेच त्यांच्यावर.

दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालला नाही. करार मुदतीआधीच रद्द झाला. बापूसाहेबांचा माणूस बाबांना बाजारात गाठून बोलून गेला की तुमच्या पोरीचं डोकं फिरलंय, लग्नाचं बघा. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सही करून टाकली असती तं काय हात झडला असता का?" ती मला समजून घेईल असं वाटलं होतं. नाही घेतलं. तिच्या पोरीची नोकरी गेली होती. बडे बाबूंची पेन्शनची फाइल अडली आहे, असं ऐकते. मला त्यांना तोंड दाखववत नाही.

आणि गजानन वानखडेंच्या पोरीचं ते वर्ष गेलंच. ती एका दवाखान्यात नावं लिहायच्या खिडकीवर बसते.

आता तिच्या प्रकरणाची जात पडताळणी समितीपुढं सुनावणी लागली आहे, बुलढाण्याला. संस्थेनं लेखी उत्तर दिलंय की मूळ रजिस्टर जीर्ण होऊन नष्ट झालं. माझ्याकडं बापूसाहेबांचा निरोप आलाय. त्या दिवशी घरी राहिले तर कायमची जागा. दुसऱ्या जिल्ह्यात, पण कायमची.

मी जाणार आहे. साक्षीदार म्हणून नाव मीच दिलंय. माझीही चूक तिथं सांगणार आहे, तिच्यासकट माझं ऐकून घ्यावं लागेल. रजिस्टर नष्ट झालेलं नाही. ते हॉलच्या मागच्या खोलीत आहे, खिडकीकडून दुसऱ्या लोखंडी कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात, लाल कापडी बांधणीचं. चावी कुणाकडं आहे तेही मी सांगणार. आणि ते कपाट उघडून त्यातली तिन्ही नावं मोठ्यानं वाचली जाईपर्यंत मी सुनावणीच्या खोलीतून उठणार नाही.